चाळीस अंशांत वापरायचा टॅब बावीस अंशांत का तपासायचा?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि मुद्देसूद आहे, त्यामुळे उत्तरही दोन ओळींत उरकणार नाही. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एप्रिलमधल्या दुपारी सांगलीतल्या माझ्या खोलीत, एसी न लावता, मी एक महागडा आणि एक मध्यम किमतीचा टॅब शेजारीशेजारी ठेवून दोघांना एकच काम दिलं होतं. सुरुवातीला महागड्याने दाखवलेला रुबाब अर्ध्या तासाने बराचसा उतरला, असं लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं: जगभरचे समीक्षक बावीस ते पंचवीस अंशांत चाचणी घेतात, त्यामुळे माझी चाचणी अशास्त्रीय. गीकबेंचवर (चिपचा वेग मोजून स्कोअर देणारं ॲप) महागडा कितीतरी पुढे आहे, मग वाद कसला. आणि स्ट्रेस टेस्टमध्ये, म्हणजे टॅबला सलग राबवून घेणाऱ्या चाचणीत, मध्यम किमतीच्या टॅबची स्थिरता ९९ टक्के येऊनही मी त्याची शिफारस केली नाही, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

पहिल्या आक्षेपाशी जरा जास्त रेंगाळतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

टॅबला सहसा पंखा नसतो. चिपमध्ये तयार झालेली उष्णता ग्राफाइटच्या पातळ पत्र्यातून किंवा व्हेपर चेंबरमधून (आत थोडं द्रव असलेली, उष्णता पसरवणारी चपटी डबी) मागच्या अॅल्युमिनियमवर आणि पुढच्या काचेवर पसरते, आणि तिथून खोलीतल्या हवेत जाते. ती किती जाईल हे टॅबचा पृष्ठभाग आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आता ढोबळ हिशेब करू. अकरा इंची टॅब साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजू धरून ९०० चौरस सेंटिमीटर. वारा नसलेल्या खोलीत एवढा पृष्ठभाग हवेपेक्षा एक अंश जास्त तापला, तर जवळपास एक वॅट उष्णता बाहेर टाकतो. टॅब हातात धरायचा असतो, म्हणून त्याचं अंग ४५ अंशांच्या आसपास रोखावं लागतं. खोली २४ अंशांवर असेल तर फरक २१ अंशांचा, म्हणजे १९ वॅट बाहेर पडायची सोय झाली. तीच खोली ३८ अंशांवर असली की फरक उरला ७ अंशांचा, आणि सोय सहा वॅटांची. त्यातून पूर्ण उजेडावरची स्क्रीन दोन-चार वॅट खाते. चिपच्या वाट्याला काय उरलं ते तुम्हीच बघा. शिवाय हा हिशेब टॅब सगळीकडे सारखा तापतो असं धरून केलेला आहे. प्रत्यक्षात चिपच्या डोक्यावरचा तळहाताएवढा भागच आधी तापतो, म्हणजे परिस्थिती याहून वाईट.

चिपच्या सिलिकॉनला नव्वद-पंचाण्णव अंश सहज सोसतात. टॅब मंदावतो तो बहुतेक वेळा तुमच्या बोटांना चटका बसू नये म्हणून. ही मर्यादा सांगलीत आणि सॅन फ्रान्सिस्कोत सारखीच. बदलते ती खोलीची हवा.

आणि हो, ॲपल स्वतःच आयपॅड वापरण्यासाठी शून्य ते ३५ अंश हे हवेचं तापमान सांगतं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी सांगलीच्या विश्रामबागेतल्या स्लॅबच्या घरात ३५ अंश म्हणजे ‘आज जरा बरं आहे’. तापमान एका जागी धरून ठेवणं हे शास्त्र आहे, हे मान्य. पण ते बावीसवरच धरलं पाहिजे असं कुठल्याही शास्त्राने सांगितलेलं नाही. माझ्या टेबलावर थर्मामीटर होता आणि दोन्ही टॅब त्याच हवेत, त्याच वेळी, कव्हर काढून चालले होते. तुलनेला तेवढं पुरतं.

आता गीकबेंच. त्यात छोटी छोटी कामं असतात आणि दोन कामांच्या मध्ये मुद्दाम थोडी विश्रांती असते, म्हणजे उष्णतेचा परिणाम कमीत कमी व्हावा. चिपची ताकद मोजायची तर ते योग्यच आहे, पण तो शर्यतीतला बैल झाला. मी नांगराला जुंपून पाहत होतो. शिवाय स्कोअरवर किती भरवसा ठेवायचा यालाही इतिहास आहे. २०२२ साली सॅमसंगच्या गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिसवरून गदारोळ झाला तो आठवा. फोन बाकीच्या ॲपना आवर घालत होता आणि गीकबेंचला मात्र मोकळं सोडत होता. शेवटी गीकबेंचने गॅलॅक्सी एस२२ मालिका आपल्या यादीतून काढून टाकली.

चिप एकच असली तरी अंग बदललं की निकाल बदलतो. २०२० साली ॲपलची एम१ चिप पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्येही आली आणि पंखा असलेल्या मॅकबुक प्रोमध्येही. छोट्या चाचणीत दोघे बरोबरीत, लांबलचक रेंडरला (व्हिडिओ किंवा थ्रीडी चित्र तयार करण्याच्या कामाला) बसवले की एअर मागे. तीच चिप २०२१ मध्ये आयपॅड प्रोमध्ये बसली. पुढे २०२४ चा तेरा इंची आयपॅड प्रो ५.१ मिलिमीटर जाडीचा करताना ॲपलला आत ग्राफाइटचे पत्रे आणि मागच्या लोगोमध्ये तांबं घालावं लागलं. एवढा खटाटोप कोणी हौसेखातर करत नाही.

मे महिन्यात मिरजेच्या एका मंगल कार्यालयात आमच्या ओळखीचा फोटोग्राफर पाठवणीच्या आत नवरा-नवरीचं रील तयार करत होता. वर पत्रा, बाजूला स्वयंपाकाच्या भट्ट्या. टॅबची स्क्रीन अचानक अंधारली. गड्याने ब्राइटनेसची पट्टी ओढली, तर ती आधीच टोकाला होती. एक्स्पोर्टचा आकडा मुंगीच्या पावलाने सरकत होता. कव्हर काढलं, तर कॅमेऱ्याशेजारच्या धातूवर बोट ठेववेना. मग त्याने टॅब गार पाण्याच्या जारला पाठ लावून उभा केला, आणि मिनिटा-दोन मिनिटांत आकडा पुन्हा पळायला लागला. टॅबमध्ये बिघाड काहीही नव्हता. (हे वाचून कोणी टॅब फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर दमट हवेचं पाणी आतच सुटतं, आणि मग दुरुस्तीवाल्याचं पोट भरतं.)

उरला ९९ टक्क्यांचा मुद्दा. थ्रीडीमार्क या ग्राफिक्स तपासणाऱ्या ॲपची वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट एक मिनिटाचं काम सलग वीस वेळा करून घेते, आणि सर्वांत कमी स्कोअर सर्वांत जास्त स्कोअरच्या किती टक्के आहे ते सांगते. समजा एका टॅबने ३००० पासून सुरुवात केली आणि तो १८०० वर आला. स्थिरता ६० टक्के. दुसरा ११०० वरून १०९० वर आला. स्थिरता ९९ टक्के. पण घामाघूम झालेला पहिलाही दुसऱ्याच्या दीडपटीहून पुढेच आहे की! जो कधी पळालाच नाही तो दमणार कसा? म्हणून मी टक्के बघत नाही, विसाव्या मिनिटाचा आकडा बघतो.

महागडी चिप मंदावूनही पुढे का राहते, यालाही कारण आहे. क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज क्लॉकच्या पटीत तर वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. उलट बाजूने पाहिलं तर क्लॉक आणि व्होल्टेज दोन्ही वीस टक्क्यांनी उतरवले की वीज जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे शेवटच्या थोड्या वेगासाठीच सगळ्यात जास्त वीज जळते, आणि तापल्यावर तोच वेग आधी सुटतो. खाली आल्यावर प्रश्न एवढाच, की दोन-तीन वॅटांत कोण जास्त काम करतं. तिथे चिप कुठल्या कारखान्यात बनली याला फार किंमत आहे. २०२२ मधलीच उदाहरणं घ्या. क्वालकॉम कंपनीची स्नॅपड्रॅगन ८ जेन १ ही चिप सॅमसंगच्या कारखान्यात बनली होती. काही महिन्यांतच जवळपास तीच रचना ८ प्लस जेन १ या नावाने टीएसएमसी या तैवानच्या चिप बनवणाऱ्या कंपनीकडून बनवून घेतली, आणि क्वालकॉमने वीज तीस टक्क्यांपर्यंत कमी लागते असा दावा केला. गॅलॅक्सी टॅब एस८ मध्ये पहिली होती. त्यानंतरच्या टॅब एस९ मध्ये टीएसएमसीची ८ जेन २ आली. म्हणूनच मी ‘नवा मध्यम घेण्यापेक्षा एखाद्या वर्षापूर्वीचा वरच्या श्रेणीतला घ्या’ असं लिहिलं होतं. पाणी मुरतंय ते एवढंच.

तुम्ही शेवटी विचारलंत, जतच्या मामेभावाला द्राक्षबागेत ड्रोन उडवायला कोणता घेऊन द्यावा. तिथे प्रोसेसरची चर्चाच जवळपास बाद होते. भर दुपारच्या उन्हात चौरस मीटरला हजारेक वॅट पडतात. अकरा इंची टॅबच्या काचेवर त्यातले चाळीस-पंचेचाळीस वॅट आदळतात आणि काळी काच त्यातले बहुतेक पिऊन टाकते. चिपचे तीन-चार वॅट त्यापुढे किस झाड की पत्ती. तेव्हा त्याला सांगा, उडवायचा तो सकाळी दहाच्या आत. टॅबवर सावलीचा पडदा लावायचा, चार्जिंगला लावून वापरायचा नाही, जाड रबरी कव्हर काढून ठेवायचं. उजेड जास्त देणारी स्क्रीन असेल असा बघा, चिप मधली असली तरी चालेल. आणि दुकानदार एसीत बसून डेमो दाखवायला लागला, तर त्याला म्हणावं, जरा बाहेर पायरीवर या.