'पास आउट' म्हणजे फक्त बेशुद्ध पडणं? नाही

निकालांचे दिवस आले की एक मेसेज हमखास फिरतो: "मी 2018 ला पास आउट झालो, असं इंग्रजीत म्हणू नका. त्याचा अर्थ चक्कर येऊन पडलो, एवढाच होतो. ही भारतीयांची चूक आहे." यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

बेशुद्ध पडणे हा अर्थ आहेच, आणि अमेरिकेत तोच आधी डोक्यात येतो. पण प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणे हा अर्थ काही आपण जन्माला घातलेला नाही. तो ब्रिटिश लष्करी वापर. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज, दोन्ही कोशांत सापडतो. खडकवासल्याला एनडीएच्या खेत्रपाल मैदानावर संचलन करून कॅडेट अकादमीचा निरोप घेतात, त्या सोहळ्याचं नावच 'पासिंग आउट परेड'. (तिथे कुणी चक्कर येऊन पडावं अशी अपेक्षा नसते!) आपण तो शब्द कॉलेजलाही लावला, इतकंच. 'पास आउट द पेपर्स' म्हणजे पेपर वाटा, या तिसऱ्या अर्थाचा तर मेसेजात पत्ताच नाही.

परदेशी अर्जात 'ग्रॅज्युएटेड' लिहिलेलं बरं, गोंधळ होत नाही. '2018 पासआउट' हे नाम मात्र खास आपल्याकडचं; बायोडेटात टाळलेलंच चांगलं.

तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.