‘टाटांनी उभारलं, सरकारने फीत कापली’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

संशोधनाच्या सरकारी निधीवर मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकाने टोपणनावाने लांबलचक प्रतिक्रिया टाकली आहे. सुरुवात अशी: ‘मॅडम, सरकारी क्वार्टरमधून बाहेर येऊन जरा जग बघा. टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) टाटांनी उभारली, सरकारने फक्त फीत कापली. विज्ञान खासगी पैशावर वाढतं, करदात्याच्या नाही.’ पुढे ‘सरकारी पैसा वेळेवर पोचतही नाही, निधीच बंद करा’ असं म्हणत इस्रो, परदेशी गेलेले आयआयटीवाले आणि मराठीत असले विषय लिहिण्याची माझी ‘हौस’ यांचाही समाचार घेतला आहे.

आधी क्वार्टरचं बघू. मुद्दा निधीचा असताना माझं घर मध्ये कशाला आणलंत? पुरुष लेखकाला तुम्ही याच सुरात लिहिलं असतं का, याचा विचार करा. मी एक दिवसही सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेली नाही. नेरूळचं घर आम्ही हप्ते फेडून घेतलं आणि माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका खासगी औषध कंपनीच्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये झाली. तेव्हा खासगी संशोधन म्हणजे काय, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. आमच्याकडे आर अँड डी विभाग होता, हुशार माणसं होती. त्यांचं काम एकच: आधीच माहीत असलेल्या औषधाची प्रक्रिया स्वस्त करायची, यील्ड (तेवढ्याच कच्च्या मालातून मिळणारं उत्पादन) दोन-चार टक्क्यांनी वाढवायचं, इम्प्युरिटी (नको असलेले घटक) मर्यादेत आणायची. त्यांच्या सॅम्पलचे एचपीएलसीचे (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचे) ग्राफ मीच काढत असे. ग्राफवरचा एखादा पीक (उंचवटा) वेगळा दिसला की तो का आला, हे शोधायची ओढ सगळ्यांनाच असायची. पण बॅच पास झाली की तो विषय तिथेच मिटायचा. मालकाला मी दोष देत नाही. धंद्याचा हिशोब वर्षाचा असतो. पंधरा वर्षांनी कदाचित उपयोगी पडेल अशा प्रश्नावर तो पैसे लावणार नाही, आणि त्याने ते लावावेत असं मी म्हणतही नाही.

आता टाटांबद्दल. 1944 च्या मार्चमध्ये होमी भाभांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं, 1945 मध्ये संस्था सुरू झाली, हे खरंच आहे आणि ट्रस्टचं ऋण मोठं आहे. पण तेव्हाचं मुंबई सरकार पहिल्यापासून या कामात भागीदार होतं. पुढे कुलाब्याची इमारत, पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, हे सगळं अणुऊर्जा खात्याच्या पैशातून उभं राहिलं. परळच्या टाटा मेमोरियलचंही तेच. 1941 साली ट्रस्टने रुग्णालय उभारलं, 1957 मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि 1962 मध्ये अणुऊर्जा खात्याकडे. दानशूर माणूस सुरुवात करून देतो, पण दर महिन्याचा पगार, वीज आणि रसायनं पिढ्यानपिढ्या कुणी पुरवली? तुम्ही ज्याला फीत कापणं म्हणता ते हे आहे.

लांबचं नको असेल तर खारघरला या. टाटा मेमोरियलच्या तिथल्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात 4 जून 2021 रोजी कर्करोगावरची भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती रुग्णाला दिली गेली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढून, त्यांना कर्कपेशी ओळखायला शिकवून परत सोडायच्या, अशी ही पद्धत. पेशी आयआयटी मुंबईत तयार झाल्या आणि चाचण्यांना केंद्राच्या जैवतंत्रज्ञान खात्याच्या बायरॅक या सरकारी कंपनीचा पैसा होता. त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीला 2023 च्या ऑक्टोबरमध्ये उपचार विकायची परवानगी मिळाली. अमेरिकेत ज्याला कोट्यवधी रुपये लागतात, ते इथे लाखांत होतं. कंपनी खासगीच आहे, मला त्याचा आनंद आहे. पण ती आली सर्वात शेवटी.

एक गोष्ट तुमची मान्य. सरकारी पैसा वेळेवर पोचत नाही. माझ्या भाचीची फेलोशिप महिनोन् महिने अडकली होती आणि घरभाडं तिच्या वडिलांनी भरलं. कागदावर जेआरएफ (पीएचडी करणाऱ्यांची सुरुवातीची फेलोशिप) 2023 च्या जानेवारीपासून 37,000 रुपये झाली, पण ती हातात पडेल तेव्हा खरी. म्हणून निधीच बंद करा, हे मात्र मला पटत नाही.

आणि तुम्हाला हवं तेच धोरण आता आलेलं आहे. 2023 च्या कायद्याने झालेल्या, संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसाठी पाच वर्षांत 50,000 कोटींची घोषणा झाली. त्यात सरकारचे 14,000 कोटी, बाकीचे मुख्यतः उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे आहेत. देश संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करतो, दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास. तो खासगी पैसा येतोय का, याची चौकशी करा. माझ्या घराची चौकशी नंतर.

इस्रो आणि आयआयटीवाल्यांवरचे शेरे व्हॉट्सॲपवर सगळ्यांनीच वाचलेत, त्यांत मी वेळ घालवणार नाही. मराठीत लिहिण्याबद्दल तर तुमची परवानगी मी मागितलेलीच नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढचं उत्तर लिहिणार असाल तर एवढंच सांगा: खारघरच्या त्या पहिल्या चाचणीला 2021 मध्ये कुठल्या कंपनीने पैसे दिले असते?