रेंज नाही म्हंते

कालचा राग अजून उतरला नाही. जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची लाईन, रोज नंबरावरून बोंबाबोंब, म्हणून मीच (फुकटात!) पायथनमध्ये नावं पुकारायचा प्रोग्राम करून दिला. ४० गाड्या, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणं) १ ते ४०, यात चुकायचं काय.

३९ नावं झाली अन् लाल अक्षरं, 'लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज'. कुण्या शहाण्यानं ते मोठ्यानं वाचलं.

खर्रा चघळत बंडीवर बसलेले एक काकाजी खाली उतरले. "रेंज नाही म्हंते का थे? इथं येतच नाही. टाकीपाशी जाय, दोन काड्या येतेत."

"काकाजी, ती रेंज नाही हो."

"मंग कोनती?"

तोवर एका पोट्ट्यानं लॅपटॉप डोक्यावर धरलासुद्धा, चार्जरची वायर लोंबतेय, अन् चारजण त्याला "अजून वर, अजून वर" करतायत. लॅपटॉप हिसकावून मी सांगितलं की कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो, ४० नावांचे नंबर ० ते ३९, मी ४० नंबर मागितला अन् तो यादीत नाहीच.

काकाजींनी पिचकारी टाकली. "मंग शून्य नंबर कोनाचा?"

यादी पाहिली. काकाजींचाच. पहाटे ४ ला येऊन पहिला नंबर लावलेला माणूस, लूप १ पासून निघाला म्हणून पुकारलाच नाही!

"मंग सांगायचं ना!"

"मले वाटलं मशीनले मालूम असंन." मग एकदम आवाज चढला, "म्हंजे मी शून्य? रातभर जागून आलो मी, अन् मले शून्य करतं काय बे?"

यावर काय बोलणार. शून्यापासून मोजणं कसं सोयीचं हे डायक्स्ट्रा नावाच्या संगणकशास्त्रज्ञानं १९८२ मध्ये लिहून ठेवलंय, पण त्याला कापसाच्या लाईनीत कोणी उभं केलं नव्हतं. एरर आली हे नशीबच म्हणा, सी भाषा तर हद्द तपासतच नाही, धुरा कोरणाऱ्या शेजाऱ्यासारखी खुशाल पलीकडच्या मेमरीत घुसते. पायथन त्यातल्या त्यात सरळ, पण उणे १ मागितलं की तोही मुकाट्यानं शेवटचं नाव देतो अन् चूक कळतसुद्धा नाही.

रात्री लूपमधून इंडेक्सच (यादीतला नंबर) काढला. यादीतलं एकेक नाव सरळ घ्यायचं, छापायला नंबर हवा तर पायथनच्या एन्युमरेट या नंबर घालणाऱ्या फंक्शनला स्टार्ट १ सांगायचं. दोन ओळींचं काम, अन् त्यापायी अख्ख्या गावासमोर इज्जतीचा फालुदा. वर मॅनेजर म्हणतो वहीच बरी होती. तीच वही, जिच्यापायी रोज कॉलर धरत होते!

आज सकाळी पानठेल्यावर काकाजी होतेच. "आली का बे रेंज?" म्हणाले, अन् खर्रा माझ्या खात्यावर लिहायला लावून निघून गेले.