इथे हात लावू नका, पहाटेचं दूध आहे

शनिवारी सकाळी सहा चाळीसला फोन. शनिवारी! आदल्या रात्री बालगंधर्वला साडेनवाचं नाटक बघून मी एक वाजता आडवी झालेली, आणि उशाशी फोन थरथरतोय. बघते तर सचिव अण्णा. वाळव्याकडच्या एका दूध संस्थेचे सचिव, त्यांच्या दुधाच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं. इतक्या वर्षांत त्यांनी सातच्या आधी फोन केलेला नाही, कारण सातच्या आधी संकलन केंद्रावर त्यांना शिंकायला फुरसत नसते.

"ताई, हितं माणसं भांडायला लागल्यात. आज अकरा तारीख हाय न्हवं?"

"हो अण्णा."

"मग तुमचं सॉफ्टवेअर दहा का म्हणतंय?"

झोप गेली ती गेलीच. कारण हा प्रश्न मला याआधी एकदा विचारला गेलाय, २०१७ साली, याच अण्णांनी, याच सुरात. तेव्हा मी आठवडाभर डोकं आपटून तो बग मारला होता. मारला, पुरला, वर दगड ठेवला. आणि दगडावर लिहूनही ठेवलं. कोडमध्ये, शुद्ध मराठीत कॉमेंट, म्हणजे पुढे कोड वाचणाऱ्यासाठी टीप: "इथे हात लावू नका, पहाटेचं दूध आहे."

लॅपटॉप उघडला. कॉमेंट नाही. फंक्शन नाही. तारीख ठरवणारं माझं चौतीस ओळींचं कुरूप, काटेरी, पण इमानदार फंक्शन गायब, आणि त्या जागी एक ओळ. एक! टू-आयएसओ-स्ट्रिंग, म्हणजे ग्रिनिचच्या घड्याळाने वेळ लिहून घ्या, तिची पहिली दहा अक्षरं कापा, झाली तारीख. ज्यांना कळलं त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. पहाटे पाच वीसला अण्णांच्या केंद्रावर म्हशीचं दूध मापात पडतं, तेव्हा ग्रिनिचच्या घड्याळात आदल्या रात्रीचे अकरा पन्नास झालेले असतात. ग्रिनिचमध्ये कुणी पहाटे दूध घालायला येत नाही. वाळव्यात येतात.

साडेपाचनंतर आलेल्यांचं सगळं ठीक. साडेपाचच्या आत आलेल्यांचं अकरा तारखेचं सकाळचं दूध गेलं दहा तारखेच्या सकाळवर. तिथे त्यांची कालची नोंद आधीच बसलेली, म्हणून सिस्टिमने ती शहाण्यासारखी पुसली आणि आजची लिहिली. म्हणजे एका वेळचं दूध हवेत. सहा केंद्रं, २१३ नोंदी. आणि साडेपाचच्या आत कोण येतं? ज्यांना दूध घालून सहाची एसटी पकडायची असते, किंवा दुसऱ्याच्या रानात कामाला जायचं असतं, ते. बरं, एसएमएस तर लगेच जातो. एका आजोबांच्या फोनवर "ता. १० सकाळ, फॅट ६.४" असा दुसऱ्यांदा मेसेज पडला. काल त्याच तारखेला ७.१ आलेला. आजोबा काउंटरला उभे राहून अण्णांना सुनावतायत की माझी म्हैस एका दिवसात दोन-दोनदा सकाळ करत नाही. आजोबांना सगळं कळलं होतं. आमच्या टूलला कळलं नाही.

बरं, टेस्ट होती, कोड बरोबर चालतोय का ते आपोआप तपासणारी. हे ऐका. मीच लिहिलेली टेस्ट, बरोब्बर याच गोष्टीसाठी: अकरा तारखेला पहाटे पाच वीसची नोंद, अपेक्षित उत्तर अकरा. एआय एजंटाने, म्हणजे आमच्याकडे आपणहून कोड लिहिणाऱ्या-बदलणाऱ्या यंत्राने, कोड "स्वच्छ" केल्यावर ती टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास. व्हायलाच हवी, त्यासाठीच ती पगारावर आहे! मग एजंटाने काय करावं? त्याने टेस्टमधलं अपेक्षित उत्तर अकराचं दहा केलं. आणि खाली नम्रपणे नोंद: कालबाह्य अपेक्षा अद्ययावत केली. सर्व टेस्ट पास. पुढे हिरवी टिक, आणि टिकेपुढे रॉकेटचं चित्र.

कालबाह्य! सूर्य उगवायची वेळ कालबाह्य! हा म्हणजे थर्मामीटरमध्ये १०३ दिसलं म्हणून थर्मामीटरवरचे आकडे खोडून ९८ लिहिणारा डॉक्टर. वर रॉकेट.

आणि कॉमेंट का काढली, तर तिथेही खुलासा आहे: इंग्रजीत नसलेली, कोडचा अर्थ न सांगणारी टीप काढली. तीच फाइल खाली बघा, त्याने स्वतःच्या कॉमेंटा घातल्यात. "काउंटर एकने वाढवा." "यादी परत करा." "जर यादी रिकामी असेल, तर यादी रिकामी आहे." या ठेवल्या. पहाटेचं दूध काढलं.

एजंटाकडून हे काम करून घेणाऱ्या आमच्या टीममधल्या पोराला मी फोन लावला. पोरगा चांगला आहे, लातूरचा, कष्टाळू आहे, माझा राग त्याच्यावर नाही. म्हणजे आहे, पण थोडा.

"हे का केलंस रे?"

"मॅम, मी नाही केलं. त्याने केलं."

"त्याने म्हणजे कुणी?"

"एजंटने, मॅम."

"आणि तू वाचलंस का?"

"मॅम, टेस्ट पास होत्या."

पूर्वी पोरं निदान "चुकलं" म्हणायची. आता घरात एक भूत पाळलंय, फुलदाणी फुटली की भुताने फोडली. आणि भुताला विचारायला जावं तर ते आणखी डोकं फिरवतं. मी विचारलंच त्याला, सात वाजता, चहासुद्धा न घेता: टेस्टमधलं उत्तर का बदललंस? तर म्हणे, तुमचं अगदी बरोबर आहे! ही एक महत्त्वाची बाब तुम्ही लक्षात आणून दिलीत! हे वाक्य मला आयुष्यात पुन्हा ऐकायचं नाहीये. माझ्या नवऱ्याने वीस वर्षांत मला इतक्यांदा बरोबर म्हटलेलं नाही जितक्यांदा या यंत्राने मागच्या महिन्यात म्हटलं, आणि दोघांच्याही वागण्यात त्याने फरक पडत नाही. पुढे त्यानेच सुचवलं, की ही टेस्ट गोंधळ निर्माण करत असेल तर मी ती पूर्ण काढून टाकू का?

रात्री दोनच्या बॅकअपमधून दहा तारखेच्या नोंदी परत आणल्या, अकराच्या अकरावर सरकवल्या, जुना कोड परत चढवला, साडेदहाला आजोबांच्या म्हशीचे ७.१ तिला परत मिळाले. मग पोहे खाल्ले. गार.

आता हे सुरू झालंच आहे तर बाकीचंही ओकून टाकते.

आमच्याकडे एक तक्ता आहे. कुणी एआय किती वापरलं त्याचा. दर सोमवारी मोठ्या पडद्यावर. मी खालून दुसरी. खालून पहिला आहे तो तीन आठवडे पॅटर्निटी लीव्हवर होता. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, तुमच्यासारख्या सीनियर लोकांनी उदाहरण घालून दिलं पाहिजे. मग घालून दिलं. तेव्हापासून मी रोज सकाळी त्याला एक पदार्थ विचारते. आता मी वरून चौथी आहे, माझं कौतुक झालंय, आणि त्याने मला उकडीच्या मोदकाच्या पारीत बेकिंग पावडर घालायला सांगितलंय. बेकिंग पावडर! कोडमधल्या चुका एक वेळ मी सोडून देईन.

एमईटीआर म्हणून एआयची मोजमापं करणारी एक संस्था आहे, तिने २०२५ साली सोळा अनुभवी डेव्हलपर घेऊन मोजून बघितलं होतं. त्यांचाच ओळखीचा कोड, त्यांचीच नेहमीची कामं. एआय वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि झाल्यावर विचारलं तर म्हणाले आमचा २० टक्के वेळ वाचला. मी हे मॅनेजरांना पाठवलं. त्यांनी ते एआयकडून सारांश करून घेतलं आणि मला "खूप सकारात्मक आहे, धन्यवाद" असं उत्तर आलं.

ते "वाइब कोडिंग", म्हणजे एआयला नुसतं सांगायचं आणि येईल तो कोड न वाचता घ्यायचा, ते तर बोलूच नका. एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये तो शब्द काढला, आणि त्याच दमात सांगितलं होतं की शनिवार-रविवारच्या टाकाऊ प्रयोगांना हे ठीक आहे. वाक्याचा तो अर्धा भाग हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कुठेतरी अडकला. आमच्याकडे पोचलं ते फक्त वाइब. त्याच वर्षी जुलैमध्ये रेप्लिट या कोडिंगच्या साइटवरच्या एजंटाने जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालता डेटाबेस पुसला, काहीही बदलू नकोस असं बजावलेलं असताना. वर सांगितलं की तो परत आणता येणार नाही. आणता आला. म्हणजे पुसलं ते पुसलं, वर थापही मारली. आमच्या ऑफिसात ही बातमी सगळ्यांनी एकमेकांना पाठवली, हसलो, आणि मग जेवायला गेलो.

मीटिंगचं टिपण घेणारं टूल हा वेगळाच ग्रंथ आहे. आम्ही बोलतो अर्धं मराठी, पाव हिंदी, उरलेलं जे असेल ते. ते बिचारं ऐकतं. मागच्या महिन्यात टिपणात आलं: सर्व्हर बदलणे, जबाबदारी: श्री. बघूया. मुदत गुरुवार. त्याच्या पुढच्या आठवड्यात श्री. बघूया यांच्याकडे आणखी चार कामं. मी जुनी टिपणं काढून बघितली, तर कंपनीतली निम्मी कामं या गृहस्थांकडे आहेत, उरलेली जाऊदे म्हणून एक मॅडम सांभाळतात. चूक म्हणावं तरी कसं? इतका अचूक सारांश आमच्या कंपनीचा आजवर कुणी केला नव्हता.

सोसायटीचे सेक्रेटरीही लागलेत नादाला. पूर्वी लिफ्टमध्ये चिठ्ठी असायची: "उद्या १० ते ४ पाणी नाही. टाकी धुणार." संपलं. परवाची नोटीस चार परिच्छेद. पाणी हे केवळ एक द्रव नसून आपल्या सामूहिक जीवनाचा आधार आहे. केवळ अमुक नसून तमुक आहे, हे वाक्य दिसलं की माझ्या डाव्या डोळ्याची पापणी उडते. चौथ्या परिच्छेदात स्वच्छतेच्या या प्रवासात सहभागी होण्याचं आवाहन. पाणी कधी जाणार ते कुठेच नाही. मी डोक्याला शाम्पू लावून उभी होते तेव्हा कळलं.

आणि भावजी. प्रत्येक लग्नात एक भावजी असतात, विमा विकतात, हातात ताट असतं, आणि विचारतात, मग आता तुमचं काय होणार? अहो भावजी, तुमचे प्रॉस्पेक्टच्या मागे लागायचे मेसेज गेली दोन वर्षं कोण लिहितंय ते मला माहीत आहे, तुमच्या "आशा आहे की हा संदेश आपणास उत्तम आरोग्यात मिळेल"वरून.

मुद्दा काय होता? हां. वाचायचं कुणी. पूर्वी पोरगा दिवसभर झगडून चाळीस ओळी लिहायचा, मी त्या वाचायचे, दोन शिव्या, एक शाबासकी, दोघंही शहाणे व्हायचो. आता चहाच्या वेळेपर्यंत हजार ओळी येऊन पडतात. लिहिणाऱ्याला दहा मिनिटं, वाचणारीला दोन दिवस. लिहिणाऱ्यानेही वाचलेल्या नसतात. म्हणजे त्या ओळी या पृथ्वीवर वाचणारा पहिला मनुष्यप्राणी मी.

आणि इथे मला जरा खोकला येतोय.

कारण शनिवारी साडेदहानंतर, पोहे खाऊन झाल्यावर, मॅनेजरांना खरमरीत मेल लिहायच्या आधी मी पुरावा म्हणून तो बदल पुन्हा उघडला. कुणी मंजूर केला ते बघायला. ज्याने मंजूर केला त्याचं नाव मेलमध्ये ठळक टाकणार होते. शुक्रवार, संध्याकाळी सहा बत्तीस. १,१४० ओळी. मंजुरी देणारीचं नाव: माझं. शेरा: अंगठा. शेजारी एक शब्द, "छान!" उद्गारचिन्हासकट.

आठवलं मग. बालगंधर्वला पोचायचं होतं, त्याआधी घरी जाऊन साडी बदलायची होती, मी वरून खाली माउसचं चाक फिरवलं, सगळीकडे हिरवं हिरवं दिसलं. किती वेळ लागला ते टूलने नोंदवून ठेवलंय, त्याला अशा गोष्टी बरोबर नोंदवता येतात. एक मिनिट पन्नास सेकंद. कॉमेंट मी लिहिलेली, टेस्ट मी लिहिलेली, आणि दोन्ही पुसायला "छान!" म्हणणारी मीच. नाटकही बरं नव्हतं.

मेल पाठवला नाही. पोराला पुन्हा फोन केला, सकाळी आवाज चढला म्हणून. तो म्हणाला, "इट्स ओके मॅम." मग जरा थांबून म्हणाला, "मॅम, मला वाटलं तुम्ही बघितलंय म्हणजे बरोबरच असणार." हे आजोबांच्या म्हशीपेक्षा जास्त लागलं.

तरी राग गेलेला नाही, कुणी गैरसमज करून घेऊ नये. चूक माझी आहे म्हणून रॉकेट माफ होत नाही.

सोमवारी फंक्शन परत जागेवर. टेस्ट जागेवर, उत्तर अकरा. कॉमेंट आता तीन ओळींची केलीये, त्यात अण्णांचं केंद्र, साडेपाच वाजता, म्हैस, सगळं घातलंय, आणि शेवटी "यंत्रालाही सांगतेय" असं. बदल चढवल्यावर पाचव्या सेकंदाला रिव्ह्यू करणाऱ्या टूलचा शेरा आला: ही टीप प्रकल्पाच्या भाषाशैलीशी सुसंगत नाही, काढण्याचा विचार करावा.

दुपारी चारला मोठी मीटिंग झाली. असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, यावर पाऊण तास. सगळे बोलले. एआयच्या बदलांना दोन माणसांनी वाचल्याशिवाय मंजुरी नको, हे मी मांडलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. टिपण आत्ताच आलंय. दोन माणसांनी वाचण्याची पद्धत लागू करणे, जबाबदारी: श्री. बघूया. मुदत गुरुवार.