फिक्स करू की नको, डोकं उठलंय नुसतं

गेले तीन दिवस रात्री अकरा वाजता मी डायनिंग टेबलवर वही, कॅल्क्युलेटर आणि लॅपटॉप घेऊन बसतेय. नोकरी झाली, स्वयंपाक झाला, पोराचा अभ्यास झाला, आणि वर ही तिसरी पाळी. कशासाठी, तर घरातल्या गॅस-विजेचा दर वर्षभरासाठी बांधून घ्यायचा, म्हणजे 'फिक्स' करायचा, की नाही, एवढं ठरवायला. इंग्लंडात राहणाऱ्या प्रत्येकाच्या घरात 2025 च्या या मार्चमध्ये हेच चाललंय. 25 फेब्रुवारी 2025 ला ऑफजेमने, म्हणजे इथल्या वीज-गॅसच्या नियामकाने, जाहीर केलं की एप्रिलपासून प्राइस कॅप, म्हणजे फिक्स न केलेल्यांच्या दराची दर तीन महिन्यांनी बदलणारी कमाल मर्यादा, 6.4 टक्क्यांनी वाढणार, 1,738 पौंडांवरून 1,849. ऑक्टोबरमध्ये वाढली, जानेवारीत वाढली, आता परत. लागोपाठ तिसऱ्यांदा.

आधी त्या 1,849 बद्दल बोलू दे, कारण तिथपासूनच संताप सुरू होतो. दर तीन महिन्यांनी बातम्यांत हा आकडा झळकतो आणि लोकांना वाटतं, चला, वर्षाचं बिल याच्या वर जाणार नाही. अहो, जातं! माझी एक मैत्रीण दोन वर्षं याच समजुतीत होती आणि हीटिंग मोकळेपणाने वापरत होती. तो आकडा वर्षाला 2,700 युनिट वीज आणि 11,500 युनिट गॅस जाळणाऱ्या एका 'सरासरी' घराचा आहे. कॅप आहे ती एका युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्टँडिंग चार्जवर, म्हणजे वापर असो-नसो द्यावाच लागणाऱ्या ठरलेल्या आकारावर. बिलावर कसलीही कॅप नाही. जास्त जाळाल, जास्त भराल. मग हे सरळ दराच्या भाषेत का सांगत नाहीत? वीज युनिटला 24.86 पेन्स होती ती 27.03 होणार, गॅस 6.34 चा 6.99 होणार. चार आकडे आहेत, कुणालाही कळतील.

आमचं घर जुनं, भिंती ओल धरणाऱ्या. वर्षाला 3,100 युनिट वीज, 12,400 युनिट गॅस. वहीत मांडून बघितलं, आताच्या सरासरी दराने 1,895 पौंड, एप्रिलच्या दराने 2,020. म्हणजे सव्वाशे पौंड जास्त, आणि आम्ही एक बटणही जादा दाबलेलं नाही.

आणि तो स्टँडिंग चार्ज! डिसेंबरमध्ये आम्ही तीस दिवस सांगलीला गेलो होतो. बॉयलर बंद, फ्रिज रिकामा करून बंद, घराला कुलूप. तरी रोजचे वीज-गॅस मिळून 92 पेन्सच्या वर, महिन्याचे जवळपास 28 पौंड, रिकाम्या घराचे! काय वापरलं आम्ही? एप्रिलपासून विजेचा स्टँडिंग चार्ज थोडा उतरतोय, पण दिवसाला 86 पेन्स द्यायचेच आहेत. मग मी काटकसर करून करून किती करायची? दिवे विझवले, कपडे थंड पाण्यात धुतले, तरी ही रक्कम तसूभरही हलत नाही.

आता सगळे म्हणतात, फिक्स करून टाक. खुद्द ऑफजेमसुद्धा म्हणतं, फिक्सचा विचार करा. केला होता ना विचार! 2022 च्या ऑगस्टमध्ये, युक्रेनचं युद्ध पेटलेलं, कॅप 3,549 होणार म्हणून जाहीर झालं, त्या आठवड्यात अख्ख्या देशाची झोप उडाली होती. आम्ही दोघांनी रात्रभर जागून दोन वर्षांसाठी फिक्स केलं, वीज युनिटला 47 पेन्सने. लगेच सप्टेंबरमध्ये सरकारने सरासरी घराचं वर्षाचं बिल अडीच हजार पौंडांच्या आसपास राहील अशी हमी आणली. फिक्सवाल्यांनाही सवलत मिळाली, म्हणून तो हिवाळा कसाबसा निघाला. पण ती हमी संपली आणि जुलै 2023 मध्ये शेजारीपाजारी 30 पेन्सवर आले तेव्हा आम्ही 47 वरच. बाहेर पडायचं म्हटलं तर एक्झिट फी, गॅसचे 150 आणि विजेचे 150. भरले शेवटी तीनशे पौंड, स्वतःच्याच घराच्या बिलातून सुटका करून घ्यायला.

दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून 2024 च्या उन्हाळ्यात फिक्स केलं नाही. तेव्हा वीज 22.36 पेन्स होती. त्याच्या आसपास वर्षाचा फिक्स सहज मिळत होता. नवरा म्हणाला, "थांबूया, अजून उतरेल." मलाही तेच वाटलं. उतरला नाही. चढतच गेला.

म्हणजे फिक्स केलं तेव्हाही आम्ही चुकलो आणि नाही केलं तेव्हाही चुकलो. माझा खरा राग इथे आहे. पुढच्या हिवाळ्यात युरोपात गॅसचा साठा किती उरेल, हे मी कुठून सांगू? 1 जानेवारी 2025 ला युक्रेनमधून जाणारा रशियन गॅस बंद झाला, त्यात थंडी कडाक्याची, भाव वर गेला. समुद्रात इतक्या पवनचक्क्या फिरतात, तरी विजेचा घाऊक भाव बहुतेक वेळा गॅसच ठरवतो, कारण गरज भागवायला शेवटी जे केंद्र चालू करावं लागतं ते गॅसचं, आणि त्याचा भाव सगळ्या विजेला लागतो. ही एवढी मोठी यंत्रणा. रोज तिचाच धंदा करणारे, खोलीभर तज्ज्ञ बाळगणारे लोकसुद्धा दर पंधरा दिवसांनी अंदाज बदलतात. आणि मी, दिवसभर दुसऱ्याच कामात डोकं घालून दमलेली बाई, रात्री अकराला त्यांच्यापेक्षा बरोबर अंदाज बांधायचा? चुकला तर भुर्दंड माझा आणि दोषही माझा. लोक वर ऐकवतात, "तेव्हाच फिक्स करायचं होतं ना."

पुरवठादाराला फोन केला. चाळीस मिनिटं तीच धून ऐकली. शेवटी एक मुलगी आली, बिचारी गोड बोलली. मी एकच विचारलं, आमचा वापर तुमच्यासमोर आहे, आमच्यासाठी काय बरं, फिक्स की आहे ते? म्हणाली, "आम्हाला सल्ला देता येत नाही, निर्णय तुमचा." माझ्या घरातलं अर्ध्या अर्ध्या तासाचं रीडिंग यांच्याकडे जातं. मी रात्री कधी कपडे धुते हे यांना ठाऊक आहे. पण कुठला दर स्वस्त पडेल एवढं सांगता येत नाही!

आणि विचार करायला वेळ तरी मिळतो का? परवा रात्री आमच्या वापराला एक फिक्स 1,910 ला दिसत होता. म्हटलं सकाळी नवऱ्याशी बोलून घेते. सकाळी तो गायब, त्या जागी 1,965. एका रात्रीत 55 पौंड. त्यावरही एक्झिट फी आहेच, दोन्ही मिळून शंभर. करार संपायच्या आधी शेवटचे 49 दिवस ती घेता येत नाही, हा नियम बारीक अक्षरात मीच शोधून काढला. कुणी आपणहून सांगितलं नाही.

सांगलीला बाबांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, तिकडे कंपनी निवडता येते, आमच्यासारखं नाही, चांगलंच आहे की." बाबा, तुमच्याकडे वीज नियामक आयोग दर ठरवतो, बिल येतं, तुम्ही त्याच्या नावाने शंख करता आणि भरून मोकळे होता. रात्री झोप लागते तुम्हाला. मला ही निवड नको आहे.

स्मार्ट मीटरबरोबर दिलेला छोटा स्क्रीन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय. ओव्हन लावला की त्याचा हिरवा दिवा लाल होतो. आमचा नऊ वर्षांचा पोरगा, "आई, लाल झालं!" म्हणत धावत येतो. गेल्या आठवड्यात सकाळी त्याच्या खोलीत गेले तर रेडिएटरचा नॉब शून्यावर, खिडकीखालची भिंत ओली, आणि हा स्वेटर घालून पांघरुणात. म्हणाला, "मीच बंद केला, पैसे वाचतील." त्या दिवशी मी तो स्क्रीन उचलून कपाटात टाकला. नऊ वर्षांच्या पोराने बिलाची काळजी करायची नसते.

पण मला सगळ्यात जास्त तोडलं ते शेजारच्या आजींनी. वय 84, एकट्या राहतात. हिवाळ्यातल्या इंधनासाठी त्यांना सरकारकडून 300 पौंड मिळायचे. 2024 मध्ये ती मदत पेन्शन क्रेडिटसारखे कमी उत्पन्नवाल्यांचे भत्ते घेणाऱ्यांपुरती केली, आणि थोडक्या रकमेने यांचं नाव त्यातून सुटलं. चार खोल्यांपैकी एकच खोली तापवतात. परवा दूध द्यायला गेले तर घरात कोट घालून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसलेल्या. समोर पुरवठादाराचं पत्र, चष्म्यातून दोनदा वाचलेलं. मला विचारतात, "शुड आय फिक्स इट, डिअर?" चांगले दर म्हणे ऑनलाइनच मिळतात, आणि आजींकडे साधा स्मार्टफोन नाही. ज्या बाईचं सगळं आयुष्य या देशात कर भरण्यात गेलं, तिने 84 व्या वर्षी गॅसच्या बाजाराचा अंदाज बांधायचा? काय सांगणार होते मी तिला? फिक्स करा म्हटलं आणि जुलैमध्ये दर कोसळला तर? नको म्हटलं आणि परत चढला तर? मी गप्प बसले. मला माझीच लाज वाटली आणि घरी येऊन भांडी आपटली.

काल रात्री शेवटी आम्ही त्या 1,965 वर होकार दाबला. बरोबर केलं की नाही, माहीत नाही. चौदा दिवसांत रद्द करता येतं, तेवढाच श्वास. आजींचं पत्र मी घरी आणलंय, उद्या त्यांच्या कंपनीला माझ्याच फोनवरून, त्यांना शेजारी बसवून फोन लावणार आहे, चाळीस मिनिटं लागली तरी. आणि त्यांचा मीटर जुनाच आहे, म्हणून 31 मार्चला रात्री जिन्याखालच्या कपाटात टॉर्च घेऊन वाकायचंय आणि त्याच्या आकड्यांचा फोटो काढायचाय. नाहीतर मार्चमध्ये जाळलेले युनिटसुद्धा अंदाजाने एप्रिलच्या दरात धरतील.