पडद्यावरचे डंकर्क आणि पडद्याबाहेरचे

क्रिस्टोफर नोलन यांचा 2017 सालचा ‘डंकर्क’ हा चित्रपट तंत्राच्या बाजूने अव्वल आहे, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप तो पाहून प्रेक्षकाच्या मनात जो इतिहास पक्का होतो त्याला आहे. इंग्लंडमधल्या साध्या नागरिकांनी आपापल्या होड्या काढल्या आणि दुसऱ्या महायुद्धात डंकर्क या फ्रेंच बंदरापाशी जर्मनांच्या वेढ्यात अडकलेली ब्रिटिश आणि मित्रराष्ट्रांची फौज सोडवून आणली, एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते.

26 मे ते 4 जून 1940 या दिवसांत सुटलेल्या 3,38,226 सैनिकांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक सैनिक वाळूवरून नव्हे, तर बंदरातून, मुख्यतः पूर्वेकडच्या लाटारोधक बांधावरून जहाजांत चढले. हा बांध जहाजे लावण्यासाठी बांधलेलाच नव्हता. सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीच्या त्या बांधावर लाकडी फळ्यांची एक वाट होती, जेमतेम तीन-चार माणसे शेजारी शेजारी चालू शकतील एवढी अरुंद. बंदरातल्या गोद्या बॉम्बहल्ल्यांनी निकामी झाल्यावर किनाऱ्यावरची व्यवस्था पाहणारे ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन विल्यम टेनंट यांनी 27 मेच्या रात्री तिथे एक जहाज लावून पाहिले, ते लागले आणि मोहिमेचे सारे गणितच पालटले. त्या दिवशी अवघे 7,669 सैनिक सुटले होते. 31 मे रोजी एका दिवसात 68,000 हून अधिक सुटले. इंग्लंडच्या डोव्हर बंदरातून मोहिमेचे प्रमुख अॅडमिरल रॅमसे यांनी धाडलेल्या विनाशिका आणि प्रवासी बोटी यांनी हा मुख्य भार वाहिला. छोट्या होड्यांचे मोल मी कमी लेखत नाही. उथळ पाण्यामुळे मोठी जहाजे किनाऱ्याशी येऊ शकत नव्हती, तेव्हा सैनिकांना त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम बरेचसे याच होड्यांनी केले, आणि त्यांतल्या अनेकींवर नौदलाचेच खलाशी होते.

पण बांधावर रांगा लावायला वेळ मिळाला तो कोणामुळे? जर्मन रणगाडे 24 मे रोजी थांबवले गेले, हे सगळे सांगतात. त्यानंतर लील या फ्रेंच शहरात वेढल्या गेलेल्या फ्रेंच पहिल्या सैन्याच्या तुकड्या जनरल मोलिनिए यांच्या नेतृत्वाखाली 31 मेपर्यंत लढत राहिल्या आणि त्यांनी जर्मनांच्या सुमारे सात डिव्हिजन अडकवून ठेवल्या, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. शरणागतीनंतर जर्मनांनी या सैनिकांना लष्करी मानवंदना दिली. डंकर्कभोवतीची शेवटची फळीही फ्रेंचांनीच धरली आणि 4 जूनला त्यांतले हजारो जण कैद झाले. सुटलेल्यांत एक लाखाहून अधिक फ्रेंच होते खरे, पण त्यांतल्या बहुतेकांना लगोलग पुन्हा फ्रान्सला धाडण्यात आले आणि महिनाअखेरीस देशच शरण गेला. चित्रपटात फ्रेंच सैनिक दिसतात, पण प्रामुख्याने जहाजावर जागा मागणारे म्हणून. हे मला अन्यायाचे वाटते.

आपल्या लोकांचा तर मागमूसही नाही. हिवाळ्यातल्या बर्फात आणि चिखलात मोटारी अडतील म्हणून ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून खेचरांच्या कंपन्या मागवल्या. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर या लष्कराच्या रसद-वाहतूक शाखेच्या या चार कंपन्या डिसेंबर 1939 मध्ये मुंबई बंदरातून निघून फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरल्या. जवान बहुतांशी पंजाबी मुसलमान. यांतली एक कंपनी पुढे जर्मनांच्या हाती पडली. डंकर्ककडे आलेल्या तुकड्यांना इंग्लंडची जहाजे मिळाली, पण खेचरे तिथेच सोडावी लागली. डंकर्कच्या वाटेवर जमिनीवरून तोफा आणि आकाशातून बॉम्ब असा दुहेरी मारा सुरू असताना जमादार (तेव्हाचा हिंदी लष्करातला कनिष्ठ अधिकाऱ्याचा हुद्दा) मौला दाद खान यांनी आपली माणसे आणि जनावरे रस्त्यावरून बाजूला काढून आडोशाला नेली आणि एकही माणूस किंवा खेचर न गमावता तुकडी बाहेर काढली. याबद्दल त्यांना इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल हे शौर्यपदक मिळाले. हे सारे लष्करी दप्तरात नोंदलेले आहे, त्यामुळे माहिती नव्हती ही सबब नोलन यांना लागू होत नाही.