जट, कॉर्नरो आणि ‘नियम सगळ्यांना सारखेच’: सुहासरावांना उत्तर

नमस्कार सुहासराव,

कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, कबूल करते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: केसच ते, त्यांचा एवढा बाऊ कशाला? ऑफिसचे नियम सगळ्यांना सारखेच असतात, फॅशनची हौस असेल तर किंमत मोजावी. शिवाय आपल्याकडे अंनिसवाले जट कापतात आणि मी अमेरिकेतल्या जटांचं कौतुक करत बसले आहे.

सारख्या नियमाचं आधी बघू. अमेरिकन एअरलाइन्समधली एक कृष्णवर्णीय कर्मचारी कॉर्नरो, म्हणजे टाळूला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या, घालून कामावर आली. कंपनीने हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं. 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने अगदी तुमचाच मुद्दा मांडला: नियम सगळ्यांना लागू आहे, आणि वेणी म्हणजे काही कातडीचा रंग नव्हे, ती बदलता येते. वर हेही नोंदवलं, की एका गोऱ्या नटीने सिनेमात तशा वेण्या लोकप्रिय केल्यावर लगेच ही बाई तशी कामावर आली. (नटी बो डेरेक, सिनेमा 1979चा.) आफ्रिकेतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वेणी, आणि कागदोपत्री ती ठरली गोऱ्या नटीची फॅशन! कंपनीने सवलत दिली होती, ती तर ऐकाच. वेण्यांचा अंबाडा घाला आणि कामाच्या वेळात वर गंगावण बसवा. त्याने डोकं भयंकर दुखतं म्हणाली, तर कोर्टाचं उत्तर असं, की मग मोठं गंगावण घ्या.

‘बदलता येते’ हे खरंच. कशी बदलतात, ते माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने दाखवलं. कानामागे नाण्याएवढा चट्टा आहे तिच्या, तिथे आता केस उगवत नाहीत. लहानपणी दर दीड-दोन महिन्यांनी आई स्वयंपाकघरात बसवून रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस सरळ करणारं रसायन, लावायची, जळजळलं तरी ‘अजून पाच मिनिटं’ म्हणायची. जुन्या पद्धतीच्या रिलॅक्सरमध्ये कॉस्टिक सोडा असतो, आपण तुंबलेल्या मोरीत ओततो तोच. 2022 मध्ये अमेरिकेतल्या 33,497 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी रसायनं वारंवार वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका 4.05 टक्के निघाला, न वापरणाऱ्यांमध्ये 1.64. याने कारण सिद्ध होत नाही, नुसता संबंध दिसतो. पण ‘किंमत मोजावी’ लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर ही किंमत नसावी.

कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये केसांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा केला, अमेरिकेतल्या राज्यांमध्ये तो पहिला.

आता जट. इथे तुम्ही मला पकडलंत, कारण मूळ लेखात मी लॉक्सना, म्हणजे मुद्दाम पीळ देऊन ठेवलेल्या दोरीसारख्या बटांना, सरळ ‘जटा’ म्हटलं होतं. चूक माझी. जट बाईने मागितलेली नसते. ‘देवीची आहे, कात्री लावलीस तर कोप होईल’ या धाकाने ती वर्षानुवर्षं मान अवघडून ते ओझं वाहते. अंनिसच्या नंदिनी जाधव आधी बाईची समजूत घालतात, मग जट कापतात. लॉक्स ठेवणारी ते स्वतः ठरवते, धुते, तेल लावते, मुळाशी नवे केस आले की त्यांना पीळ देते. लेखातला शब्द आज बदलला आहे.

राहिल्या माझ्या लेकीच्या कळंगुटच्या वेण्या. ‘तुमच्या मुलीने घातल्या त्या चालतात का?’ असं विचारलंत. किनाऱ्यावर लमाणी बाईकडून हौसेने घालून घेतल्या, मणी ओवून. तिसऱ्या दिवशी डोकं खाजायला लागलं तेव्हा मीच सोडल्या, एक कंगवा तेवढा मोडला. सोमवारी शाळेत तिला कोणी काही विचारलंसुद्धा नाही.